एकशे दहा माणसांचं गाव



या सदरात आपण दर वेळी एक आकडा घेतो आणि त्याच्या मागे काय दडलंय ते उकरून बघतो. या वेळचा आकडा अगदी लहान आहे : ११०. ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत बर्ड्सव्हिल नावाच्या गावाची नोंदलेली ही लोकसंख्या. एकशे दहा माणसं म्हणजे आपल्याकडे साखरपुड्यालाही कमीच वाटतील. पण या गावाला स्वतःची विमानाची धावपट्टी आहे, पोलीस ठाणं आहे, शाळा आहे, दवाखाना आहे, १८८४ सालचं दगडी हॉटेल आहे आणि १८८२ पासून चालत आलेली घोड्यांची शर्यतही आहे.

एवढ्या थोड्या माणसांत हे सगळं चालतं कसं? आणि मुळात वाळवंटाच्या कडेला गाव वसवलं कुणी आणि कशाला? ऑफिसात माझं काम सर्व्हरवर किती लोड येईल याचा अंदाज बांधायचं. त्यामुळे पहिला प्रश्न मला थेट माझ्या कामातला वाटतो. पण त्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नातून, म्हणजे भूगोलातून येतं. म्हणून सुरुवात नकाशापासून करू.

पंचवीस गोव्यांएवढी जागा

ऑस्ट्रेलियाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उजवीकडे पूर्व किनाऱ्यावर ब्रिस्बेन शहर. तिथून पश्चिमेला जवळजवळ १६०० किलोमीटर आत गेलात की बर्ड्सव्हिल. मुंबईहून दिल्लीला पोचून आणखी दीड-दोनशे किलोमीटर पुढे जावं, एवढा हा रस्ता. गाव क्वीन्सलँड राज्यात आहे, पण दक्षिणेकडे दहा-बारा किलोमीटरवर दुसरं राज्य लागतं : साउथ ऑस्ट्रेलिया.

पश्चिमेला सिम्पसन वाळवंट पसरलंय. लाल वाळूच्या एकमेकींना समांतर अशा हजाराहून जास्त टेकड्या, शेतातल्या सऱ्यांसारख्या ओळीने. त्यातली सर्वांत प्रसिद्ध ‘बिग रेड’ गावापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. तिची उंची साधारण ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारत समजा. दक्षिणेकडे स्टर्टचं दगडी वाळवंट आहे. तिथे वाळूपेक्षा लालसर गोटेच जास्त. या दोघांच्या बेचक्यात आपलं गाव. वर्षाचा सरासरी पाऊस दीडशे ते पावणेदोनशे मिलिमीटर. आपल्याकडे जुलैत एखाद्या दिवशी एवढा पडून जातो आणि आपण ऑफिसला दांडी मारतो. २४ डिसेंबर १९७२ ला इथे ४९.५ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत, क्वीन्सलँडच्या बाजूचं सिम्पसन वाळवंटाचं राष्ट्रीय उद्यान प्रवाशांना बंदच असतं.

बर्ड्सव्हिल ज्या शायरमध्ये आहे (शायर म्हणजे आपल्या तालुक्यासारखा कारभाराचा घटक) त्याचं नाव डायमँटिना. क्षेत्रफळ सुमारे ९५ हजार चौरस किलोमीटर. गोव्याचं आहे ३७०२. म्हणजे जवळजवळ पंचवीस गोवे मावतील एवढी जागा, आणि २०२१ मध्ये त्यात राहणारी माणसं तीनशेच्या आत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्यात एका चौरस किलोमीटरमध्ये ३९४ माणसं राहत होती. इथे हिशेब उलटा करावा लागतो : एका माणसाच्या वाट्याला तीनशेहून जास्त चौरस किलोमीटर.

‘वाळवंट म्हटल्यावर एवढंच असणार’ असं वाटत असेल, तर आपल्या थरकडे बघा. जैसलमेर हा आपल्याकडच्या सर्वांत विरळ जिल्ह्यांपैकी एक. तरी २०११ मध्ये तिथे चौरस किलोमीटरला १७ माणसं होती. वाळवंट दोन्हीकडे आहे. फरक आहे तो शतकानुशतकं साचत आलेल्या पाण्याच्या, शेतीच्या आणि वाटांच्या व्यवस्थेचा.

पायाखालचा समुद्र

१८४५ च्या सुमाराला चार्ल्स स्टर्ट नावाचा इंग्रज शोधयात्री या भागात आला होता. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी एक मोठा समुद्र असणार, अशी त्याची खात्री. इतकी, की त्याने बरोबर चक्क एक होडी आणली होती. समुद्र मिळाला नाही. वाळूच्या टेकड्यांपुढे हात टेकून तो परत फिरला.

गंमत अशी की पाणी होतं, पण खाली. ग्रेट आर्टेशियन बेसिन हा जगातल्या सर्वांत मोठ्या भूजलसाठ्यांपैकी एक. सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग त्याच्यावर आहे. दूर पूर्वेकडच्या डोंगरांवर पडलेला पाऊस खडकांच्या थरांतून इंचाइंचाने सरकत इकडे येतो. त्यातलं काही पाणी लाखो वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचं आहे. बर्ड्सव्हिलची बोअर १२०० मीटरहून खोल आहे आणि तिचं पाणी वर येतं ते ९८ अंश तापमानाचं. चहाला आधण ठेवायची गरज नाही! प्यायला द्यायच्या आधी ते थंड करावं लागतं. याच उष्णतेवर गावात बरीच वर्षं एक छोटं भूऔष्णिक वीजकेंद्र चाललं. क्षमता ८० किलोवॅटच्या आसपास, गावाच्या गरजेतला एक भाग भागवण्यापुरती. २०१८ मध्ये ते बंद झालं.

वरचं पाणी म्हणजे डायमँटिना नदी. ही नदी समुद्राला कधीच मिळत नाही. उत्तरेकडे पाऊस झाला की ती शेकडो फाट्यांत पसरते आणि सावकाश दक्षिणेला, खाऱ्या आयर सरोवराकडे निघते. गावात थेंब पडलेला नसताना गावाभोवती पूर येतो. रस्ते बंद, आणि एकशे दहा माणसं बेटावर. आणि पूर ओसरला की त्याच मातीत गवत असं उगवतं, की गुरं पोसायला त्याच्यासारखी जागा नाही. गोऱ्या लोकांची गुरांची ठाणी इथे आली ती याच गवतासाठी.

पण त्यांच्या आधीही इथे माणसं होती, तीही थेट वाळवंटाच्या आत. वांगकांगुरू लोक वाळूच्या टेकड्यांमधल्या खोलगट जागी हातांनी विहिरी खणत. त्यांना ते मिकिरी म्हणतात. काही मिकिरी अनेक मीटर खोल आणि माणूस कसाबसा उतरेल एवढ्या अरुंद. कुठली मिकिरी कुठे आहे, कुठल्या मोसमात तिचं पाणी गोड असतं, एकीपासून दुसरीपर्यंत किती चाल आहे, हे सगळं तोंडी चालत आलेलं. १८८६ मध्ये डेव्हिड लिंडसे नावाच्या सर्वेक्षकाला या विहिरी दाखवल्या त्या याच लोकांनी. १९०० च्या सुमारास शेवटची कुटुंबं वाळवंटातून बाहेर, गुरांच्या ठाण्यांकडे आणि मिशनकडे आली. त्यानंतर नकाशे करणाऱ्यांनी या सगळ्या भागावर ‘निर्मनुष्य’ असा शिक्का मारला. शिक्का मारला त्या वेळी तो खरा होता, पण थोड्याच वर्षांपूर्वी नव्हता. २०१४ मध्ये न्यायालयाने वांगकांगुरू आणि यार्लुयांडी लोकांचे इथल्या जमिनीवरचे पारंपरिक हक्क मान्य केले.

कागदावरची रेघ आणि तिच्यावर जगणारं गाव

आता गाव इथेच का वसलं ते. १८८० च्या दशकात क्वीन्सलँड आणि साउथ ऑस्ट्रेलिया ही एका देशातली राज्यं नव्हती. त्या दोन वेगळ्या ब्रिटिश वसाहती होत्या, आणि त्यांच्यामधली हद्द म्हणजे २६ अंश दक्षिण अक्षांशाची सरळ रेघ. डोंगर नाही, नदी नाही, कुणीतरी पट्टी ठेवून ओढलेली. ती जमिनीवर आखायचं काम केलेल्या ऑगस्टस पोपेलची गोष्ट आमच्यासारख्या इंजिनियरांनी भिंतीवर लावावी अशी आहे. तीन हद्दी मिळतात तिथे त्याने खुंट ठोकला. नंतर कळलं की त्याची मोजणीची साखळी इंचभर लांब होती. एका साखळीत इंच म्हणजे काहीच नाही, पण शेकडो किलोमीटर मोजल्यावर तो खुंट काहीशे मीटर भलत्याच ठिकाणी गेला होता. पुढे तो हलवावा लागला.

क्वीन्सलँडची गुरं दक्षिणेच्या बाजारात न्यायची तर ही रेघ ओलांडायला हवी. ओलांडताना जनावरांवर आणि मालावर जकात. नदीचा उतार, गवत आणि हद्द हे तिन्ही जिथे जवळजवळ आले, तिथे जकात नाका आला. नाका आला म्हणून थांबणारी माणसं आली. थांबणाऱ्यांना जेवण, दारू, लोहार आणि दुकान लागतं. भरभराटीच्या काळात या गावात तीन हॉटेलं होती, दुकानं होती, जकात कचेरी होती, सरबताचा कारखानासुद्धा होता.

१ जानेवारी १९०१ ला सगळ्या वसाहती मिळून एक देश झाला आणि आपसातली जकात संपली. देशासाठी चांगली गोष्ट. बर्ड्सव्हिलचा मात्र पायाच गेला. नदी होती तिथेच होती, गवत उगवत होतं, पण थांबायचं मुख्य कारण उरलं नव्हतं. दुकानं बंद झाली, माणसं गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गाव मूठभर घरांवर आलं.

हे समजायला आपल्याला फार लांब जायला नको. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि राज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके उठले. ट्रकवाल्यांचे तासन् तास वाचले. पण त्या रांगांवर ज्यांचा चहा, वडापाव आणि पंक्चरचं दुकान चालत होतं त्यांचं काय झालं, हे सीमाभागातल्या वाचकांना मी सांगायची गरज नाही.

रेघ मात्र एका बाबतीत अजून जिवंत आहे, आणि ती प्रोग्रॅमरची झोप उडवणारी आहे. थंडीत हद्द ओलांडून दक्षिणेला गेलात की घड्याळ अर्धा तास मागे. उन्हाळ्यात साउथ ऑस्ट्रेलिया घड्याळं एक तास पुढे करतो आणि क्वीन्सलँड करत नाही. त्यामुळे तीच हद्द ओलांडली की घड्याळ अर्धा तास पुढे! तारीख-वेळेचा कोड लिहिणाऱ्यांनी एकदा बर्ड्सव्हिलचा पत्ता घालून आपलं सॉफ्टवेअर तपासावं.

५१७ किलोमीटरची वाट

जकात गेली तरी गुरं जातच होती. १८८४ मध्ये रेल्वे दक्षिणेकडच्या मारी या ठिकाणी पोचली होती. (तेव्हा त्याचं नाव हर्गट स्प्रिंग्ज.) बर्ड्सव्हिलपासून मारीपर्यंत ५१७ किलोमीटरची वाट, तीच आजची बर्ड्सव्हिल ट्रॅक. गुरांचे तांडे आठवडेच्या आठवडे चालत या वाटेने रेल्वेपर्यंत जात. वाटेत जनावरं तहानेने मरू नयेत म्हणून सरकारने ठरावीक अंतरावर बोअर मारल्या. एका बोअरपासून पुढच्या बोअरपर्यंत तांड्याची दोन-तीन दिवसांची चाल.

माल उलट्या दिशेने यायचा तो उंटांवरून. इथे आपल्या उपखंडाचा संबंध येतो. १८६६ मध्ये कराचीहून सव्वाशेच्या आसपास उंट आणि त्यांचे उंटवाले ऑस्ट्रेलियात उतरवले गेले. तेव्हा कराचीसह सगळा सिंध मुंबई इलाख्यात होता, म्हणजे कागदोपत्री तो माल ‘मुंबई’चाच. पुढे आणखी हजारो उंट आले. बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी, सगळ्यांना तिकडे सरसकट ‘अफगाण’ म्हणत. मारीत त्यांची वेगळी वस्ती होती आणि मातीच्या भिंतींची मशीदही. मोटारी आल्यावर उंटांचं काम संपलं आणि पुष्कळ उंट मोकळे सोडले गेले. त्यांची पिलावळ आज ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात रानटी होऊन फिरते. बर्ड्सव्हिलची बेकरी प्रसिद्ध झाली तीसुद्धा एका वेगळ्याच पदार्थासाठी : उंटाच्या मटणाची करी भरलेला पाय. कराचीहून निघालेली दोन्ही माणसं, उंट आणि मसाला, अशी एका पदार्थात भेटली.

१९३६ पासून या वाटेवरची टपालगाडी टॉम क्रूझ हाकत असे. (नाव ऐकून हसू नका, हा नट नव्हे!) वाळूत रुतलेली लॉरी लोखंडी पत्रे टाकून बाहेर काढायची, पूर आला तर माल होडीतून पलीकडे न्यायचा, असा त्याचा प्रवास. १९५४ साली त्याच्यावर ‘द बॅक ऑफ बियाँड’ हा माहितीपट निघाला. या वाटेची दुसरी बाजूही आहे. १९६३ च्या डिसेंबरात एका कुटुंबाची गाडी इथे इंधन संपून बंद पडली. त्यांनी गाडी सोडून चालायला सुरुवात केली आणि पाचही जण तहानेने गेले. ‘काही झालं तरी गाडी सोडू नका’ ही तिकडची पहिली सूचना अशा मरणांतून आली आहे.

आजाऱ्यांसाठी १९२३ मध्ये गावातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलात छोटा दवाखाना सुरू झाला, रेव्हरंड जॉन फ्लिन यांच्या इनलँड मिशनचा. त्याच फ्लिन यांनी १९२८ मध्ये विमानातून डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू केली, तीच आजची रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस. पण डॉक्टरला बोलवायचं कसं? वीज नाही, तारा नाहीत. आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या इंजिनियरने १९२९ मध्ये सायकलसारखे पायडल मारून चालणारा रेडिओ बनवला. पाय वीज तयार करणार आणि हात संदेश पाठवणार. दुर्गम भागासाठी यंत्र बनवायचं तर तिथल्या माणसाकडे काय आहे ते आधी बघावं. त्याच्याकडे पाय होते. या एका डिझाइनपुढे आमची कितीतरी ॲप्स फिकी पडतात.

११० म्हणजे नक्की कोण?

आता आकड्याकडे परत येऊ. २०१६ च्या जनगणनेत बर्ड्सव्हिलची लोकसंख्या १४० होती, २०२१ मध्ये ११०. तीस माणसं कमी. कुठल्याही शहरात तीस माणसं म्हणजे एक मजला. इथे गावाचा पाचवा हिस्सा.

पण जरा थांबा. ऑस्ट्रेलियात जनगणना एका ठरावीक रात्रीची असते. २०२१ मध्ये ती १० ऑगस्टची रात्र होती. आपल्याकडे २०११ मध्ये फेब्रुवारीत तीन आठवडे मोजणी चालली आणि १ मार्चचा प्रारंभ हा संदर्भाचा क्षण धरला. ऑगस्ट म्हणजे बर्ड्सव्हिलमध्ये थंडी आणि पर्यटनाचा हंगाम. त्या रात्री गावात झोपलेला प्रत्येक माणूस गावचा नसतो. म्हणून तिकडे प्रत्येकाला तुमचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण कुठलं, हेही विचारतात. ११० हा आकडा नेहमी राहणाऱ्यांचा आहे. आणखी एक बारकावा : इतक्या लहान गावात तक्त्यातून एखाद्या माणसाची माहिती ओळखता येऊ शकते. म्हणून तिकडचं सांख्यिकी खातं छोट्या आकड्यांत मुद्दाम किंचित फेरफार करतं. त्यामुळे कधी कधी वयोगटांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही. ती चूक नाही, ते पडदे आहेत. एखाद-दुसऱ्या माणसाच्या फरकावरून लहान गावाबद्दल मोठे निष्कर्ष काढू नयेत, ते यासाठीच.

आणि खरा खेळ वेगळाच आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोन दिवस घोड्यांच्या शर्यती असतात. तेव्हा या एकशे दहा माणसांच्या गावात सहा-सात हजार लोक येतात. साठपट! तंबू, गाड्या, हॉटेलासमोरच्या धावपट्टीलगत ओळीने उभी केलेली छोटी विमानं. शर्यतीतून जमणारा निधी फ्लाइंग डॉक्टरला जातो. आमच्या भाषेत याला ‘पीक लोड’ म्हणतात. तत्काळ तिकिटाच्या वेळी सर्व्हरचं जे होतं, तेच गावाचं होतं.

साठपट लोडसाठी वर्षभर साठपट यंत्रणा कुणीच ठेवत नाही, परवडत नाही. मग करतात काय? लहानसा गाभा कायम जागता ठेवायचा आणि गर्दीच्या दिवसांत बाहेरून मदत जोडायची. जादा पोलीस येतात, परिचारिका येतात, हॉटेलात हंगामी कामगार येतात. पण त्यांनी येऊन उभं राहायचं तर पाण्याची वाहिनी कुठे फुटते, नदीचं पाणी किती चढलं की रस्ता सोडायचा, पेट्रोलचा टँकर कधी मागवायचा हे माहीत असणारं कुणीतरी तिथे बाराही महिने राहत असावं लागतं. आणि पीकचा भरवसाही नसतो. २००७ मध्ये घोड्यांच्या फ्लूमुळे शर्यती झाल्या नाहीत, २०१० मध्ये पावसाने वाहून गेल्या, २०२० मध्ये कोव्हिड. अशा वर्षीही गाव राहिलं, कारण गाभा जागेवर होता.

म्हणून मला ११० या आकड्यापेक्षा त्याची यादी जास्त महत्त्वाची वाटते. पोलीस, परिचारिका, शिक्षक, पेट्रोलपंपवाला, मेकॅनिक, हॉटेल चालवणारे, धावपट्टी बघणारा, रस्ता नीट करणारे. यातलं एक माणूस गेलं आणि जागा भरली नाही, तर आकडा एकाने कमी होतो, पण सेवा शंभर टक्के बंद पडते. आमच्याकडे टीमबद्दल एक क्रूर प्रश्न विचारतात : उद्या कितीजण एकदम बसखाली आले तर प्रोजेक्ट थांबेल? उत्तर ‘एक’ असेल तर टीम कितीही मोठी असली तरी ती धोक्यात आहे. याला ‘बस फॅक्टर’ म्हणतात.

बर्ड्सव्हिलची शाळा १८९९ ची. फक्त प्राथमिक. काही वर्षी पटावर एक आकडी मुलं असतात. पुढच्या शिक्षणासाठी मुलांना घरून दूरशिक्षण घ्यावं लागतं किंवा दूरच्या शहरात बोर्डिंगला जावं लागतं. प्रति विद्यार्थी खर्च काढला तर ही शाळा कुठल्याही तक्त्यात सर्वांत महाग ठरेल. पण ती बंद केली तर लहान मुलं असलेला पोलीस किंवा परिचारिका इथली बदली घेणार नाही. मग पोलीस ठाणं रिकामं, दवाखाना रिकामा, शर्यतीच्या दिवशी बाहेरून येणाऱ्यांना सांभाळणारं कुणी नाही. शाळेचे सहा-सात विद्यार्थी हा हिशेबातला खर्च वाटतो, पण त्यांच्यावर बाकीचं गाव टेकून उभं आहे.

आपल्या घरचा हिशेब

हे मी आज का लिहितोय ते आता सांगतो. आपल्या मंडळाच्या गेल्या सभेत शनिवारचा मराठी वर्ग बंद करावा का, असा विषय निघाला. मुलं सात. हॉलचं भाडं, शिकवणाऱ्या काकूंचा रिक्षाखर्च, पुस्तकं. गणपतीला पाचशे पानं उठतात आणि वर्गाला सात मुलं, मग पैसा कुठे लावायचा, असा प्रश्न आला. प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि हिशेबही बरोबर होता. तरी माझं मत वेगळं आहे.

गणपती हा आपला पीक लोड आहे. ते पाचशे लोक दहा दिवस येतात, यावेत, आनंद आहे. पण आरती म्हणणारं, नाटक बसवणारं, हिशेबाची वही लिहिणारं आणि ग्रंथालयाची किल्ली सांभाळणारं कुणीतरी बाराही महिने असावं लागतं. वर्गातली सात मुलं हा त्या गाभ्याचा पुढचा भाग आहे. त्यातली दोनच जरी पंधरा वर्षांनी इथे राहिली आणि कामाला लागली, तरी मंडळाला पुढची वीस वर्षं मिळतात. त्यांच्यासाठी लागणारा खर्च पाचशे पानांच्या श्रीखंडाशेजारी मांडून तोलू नये.

आणि वर्गाच्या बरोबरीने आणखी एक काम करू. मंडळाची सभासद संख्या किती घटली यावर दर वर्षी सुस्कारे टाकण्याऐवजी कामांची यादी करू. प्रत्येक कामासमोर ते येणाऱ्यांची नावं लिहू. जिथे एकच नाव असेल तिथे लाल खूण. मी सहज मनातल्या मनात करून पाहिली : मखराची विजेची जोडणी एकाच काकांना येते, ऑडिटची कागदपत्रं कुठे असतात हे एकाच काकूंना माहीत आहे, आणि सनईवाल्यांचा फोन नंबर फक्त आजोबांच्या डायरीत आहे. तिन्ही ठिकाणी आपला बस फॅक्टर एक. तिशीच्या आतल्या वाचकांनो, यातलं एकेक काम उचला. काका-काकू आनंदाने शिकवतील, फक्त जाऊन बसावं लागेल. वांगकांगुरू लोकांना प्रत्येक विहिरीची वाट पाठ होती, ती अशीच कुणाबरोबर तरी चालून.

यादीचा कच्चा तक्ता मी या महिनाअखेरपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. तुम्हाला जे काम येतं त्यासमोर नाव लिहा, आणि जे शिकायचंय त्यासमोरही. मराठी वर्गाचा विषय पुढच्या सभेत पुन्हा निघेल, तेव्हा हा तक्ता समोर असू दे.